‘तो म्हणाला’ कोण म्हणतं? : अभिनेत्यांनी वाचलेल्या कथा ऐकताना

मंडळाच्या बैठकीत आपण कथाकथन, अभिवाचन आणि ऑडिओबुक हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. ‘यंदा कथाकथन ठेवूया’ असं कुणीतरी म्हणतं आणि प्रत्यक्षात दोघंजण हातात कागद धरून कथा वाचतात. ‘ती कथा मी ऐकलीये’ असं दुसरं कुणी सांगतं, म्हणजे मोबाइलवर ऐकलेली असते. रोजच्या बोलण्यात काम भागतं. पण अभ्यास करायचा तर हे शब्द वेगळे करावे लागतात, कारण तिन्ही ठिकाणी कथा कानावरच पडत असली तरी ती सांगण्याचा अधिकार कुणाचा, हे प्रत्येक ठिकाणी निराळं आहे.

या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. अभिनेता कथा वाचतो तेव्हा आपलं लक्ष पात्रांच्या आवाजांकडे जातं. म्हातारा कसा काढला, लहान मूल कसं काढलं, रडणं किती खरं वाटलं, यावर आपण दाद देतो. पण कथेतली सगळ्यांत अवघड भूमिका निवेदकाची असते. ‘तो म्हणाला’ हे दोन शब्द कोण म्हणतंय, कुठे उभं राहून म्हणतंय, त्याला पुढचं किती ठाऊक आहे आणि त्यातलं किती तो आत्ता सांगणार आहे, यावर कथा उभी असते. वाचणाऱ्याने पात्रं रंगवली आणि निवेदक हरवला, तर आपण प्रसंग ऐकतो. कथा ऐकत नाही.

हा माझ्यासाठी केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मी सुरतच्या गोडादऱ्याची. तिथे मराठी बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, पण मराठी कथा पुस्तकातून वाचणारी त्यामानाने थोडी. तिथे कथा पोचली तर ती कानातूनच पोचणार. त्याबद्दल पुढे येईनच. आधी शब्दांचा हिशेब.

सांगणं आणि वाचणं

मराठीत कथाकथनाची परंपरा मोठी आहे. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी महाराष्ट्रभर हिंडून कथा सांगितल्या. व. पु. काळे यांचे कथाकथनाचे सोळाशेहून अधिक कार्यक्रम झाले, आणि त्यांच्या कथा कॅसेटवरून घराघरांत गेल्या. या चौघांत एक गोष्ट समान आहे. सांगणारा स्वतःच लेखक होता. समोर प्रेक्षक दिसतात, हशा लांबला तर तो थांबतो, सभागृह थंड वाटलं तर एखादा भाग आवरता घेतो, एखादं वाक्य जागच्या जागी वाढवतो. कथा त्याची, त्यामुळे बदलण्याचा हक्कही त्याचा.

पु. ल. देशपांडे यांचं उदाहरण आणखी पुढचं. १९६१ साली त्यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली. लेखक, नट आणि वाचणारा अशा तिन्ही भूमिका एकाच माणसात. याचा परिणाम आपल्या पिढीपर्यंत टिकलाय. ‘व्यक्ती आणि वल्ली’ हातात घेऊन अंतू बर्वा वाचायला बसलो, तरी पुष्कळांना तो पुलंच्याच आवाजात ऐकू येतो. म्हणजे लेखकाच्या आवाजाची आपल्या कानाला सवय झालेली आहे.

अभिवाचन त्याहून वेगळं. इथे शब्द दुसऱ्याचे असतात. अभिनेत्याच्या हातात संहिता असते आणि ती बदलण्याचा त्याला हक्क नसतो. त्याचं स्वतःचं म्हणजे आवाज, वेग, विराम आणि आघात, एवढंच. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली तेव्हापासून तिच्यावर मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात. त्यानंतर अभिवाचन सभागृहातून निघून आपल्या कानातल्या इअरफोनपर्यंत आलं. स्टुडिओत वाचणाऱ्यासमोर प्रेक्षक नसतो. हशा नाही, चुळबुळ नाही, कुणी घड्याळाकडे बघत नाही. तो कुठे जास्त करतोय हे सांगणारं समोर कुणीच नसतं.

बाहेर याचे चांगले नमुने आहेत. न्यूयॉर्कच्या ‘सिम्फनी स्पेस’ या सभागृहात १९८५ पासून नट-नट्या मंचावर येऊन लघुकथा वाचतात आणि ती वाचनं रेडिओवरून प्रसारित होतात. प्रेक्षक तिकीट काढून कथा ऐकायला येतात. आपल्या जवळचं उदाहरण मुंबईचं. नसीरुद्दीन शाह यांच्या ‘मोटली’ या नाट्यसंस्थेने ‘इस्मत आपा के नाम’ हा प्रयोग केला. इस्मत चुगताईंच्या तीन उर्दू कथा तीन कलाकार सादर करतात: हीबा शाह, रत्ना पाठक शाह आणि स्वतः नसीरुद्दीन. हातात कागद नसतो, पाठ केलेलं असतं, पण कथेचं नाटक केलेलं नसतं. निवेदनासकट अख्खी कथा येते. पात्र बोलून संपलं की कलाकार त्याच दमात निवेदनाकडे वळतो.

आपण कॉलेजात नेमकं उलटं करतो. कथा घेतली की निवेदन कापतो, संवाद वाटून देतो आणि त्याला अभिवाचन म्हणतो. ते नाट्यीकरण झालं. ते करायला हरकत नाही, पण मग कथा वाचली असं म्हणू नये.

चार वाक्यांचा प्रयोग

हे नुसतं तत्त्व सांगून कळणार नाही. म्हणून उदाहरणासाठी मीच चार वाक्यं रचली आहेत:

पाहुणे आले तेव्हा तात्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. ‘या, या,’ ते म्हणाले. नजर मात्र त्यांनी अडकित्त्यावरून उचलली नाही. घरात चहाला दूध नव्हतं.

आता ‘या, या’ कसं वाचायचं? तीन वाटा दिसतात.

पहिली, तुटक. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस तुसडा आहे. तिसऱ्या वाक्याने ते पक्कं होतं. मग चौथं वाक्य येतं आणि तो तुसडेपणा म्हणजे खरं तर ओशाळेपणा होता, हे एकदम उमगतं.

दुसरी, ‘या, या’मध्येच ओशाळेपणा आणायचा. आवाज किंचित अडखळता, खाली गेलेला. ऐकणाऱ्याला तिथेच कळतं की घरात काहीतरी अडचण आहे. मग चौथ्या वाक्याला काही कामच उरत नाही. ते नुसता खुलासा होऊन बसतं.

तिसरी, अगदी मोकळं, तोंडभरून ‘या, या’. मग तिसऱ्या वाक्यातला ‘मात्र’ जागा होतो. तात्यांचा आवाज एक सांगतोय आणि नजर दुसरं. का, ते चौथं वाक्य सांगतं.

पहिलं आणि तिसरं वाचन वेगवेगळं असलं तरी दोन्ही चालतील. दुसऱ्यात मात्र काहीतरी हातचं जातं, आणि गंमत अशी की उत्तम अभिनेत्यालाच ते वाचन सुचण्याचा संभव जास्त. कारण तो पात्राच्या मनात शिरतो. तात्यांना दूध नसल्याचं ठाऊकच आहे, मग त्यांच्या आवाजात ते येणारच, असा त्याचा युक्तिवाद. नाटकात तो बरोबर ठरेल. कथेत मात्र ती गोष्ट निवेदकाने चौथ्या वाक्यापर्यंत राखून ठेवलेली आहे. अभिनेता पात्राशी प्रामाणिक राहिला आणि निवेदकाचं गुपित फोडून बसला.

चौथ्या वाक्याचंही तसंच. त्याच्याआधी लांब विराम घेतला, आवाज खाली नेला, मागे बासरी लावली, की ते वाक्य करुण होतं. पण लिहिलंय कसं? बाजारात मेथी नव्हती, तसं घरात दूध नव्हतं. वाक्य जितकं साधं वाचाल तितकं ते लागतं. दुःख ऐकणाऱ्याला होऊ द्यावं. वाचणाऱ्याने आधी करून दाखवू नये.

राहिलं ‘ते म्हणाले’. आवाजावरून कोण बोललं हे कळतंच, मग हे शब्द गाळले तर काय बिघडलं? दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे लय. ‘या, या’ आणि न उचललेली नजर यांच्यात जो अर्धा क्षण हवा, तो हे दोन शब्द देतात. दुसरी गोष्ट खास मराठीची. ‘तो म्हणाला’ असतं तर निवेदक तात्यांच्या बरोबरीचा किंवा त्यांच्यापासून लांबचा झाला असता. ‘ते म्हणाले’ म्हटल्यावर निवेदक त्यांना मान देणारा आहे. कदाचित घरातलंच धाकटं कुणी. दूध नसल्याचं त्याला ठाऊक कसं, तेही मग कळतं. ‘म्हणाला तो’ असं उलटं लिहिलं की आणखी तिसराच माणूस बोलायला लागतो, जरा गप्पिष्ट, पारावर बसलेला. इंग्रजी कथेत हा मानाचा धागा क्रियापदात नसतो. आपल्याकडे आहे, आणि तो गाळण्यासारखा नाही.

हाच धडा मोठ्या लेखकांना लावून बघा. माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मध्ये निवेदक शिकलेला, प्रमाण मराठीत सांगणारा आहे आणि त्याची माणसं माणदेशी बोलतात. या दोन भाषांमधलं अंतर हा त्या पुस्तकाचा प्राण आहे. वाचणाऱ्याने सगळंच गावरान काढलं की ते अंतर पुसलं जातं. जी. ए. कुलकर्णी यांची वाक्यं लांब, प्रतिमांनी भरलेली. तिथे श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवलं नाही, तर प्रतिमा मध्येच तुटते आणि ऐकणाऱ्याला वाक्याचा कर्ता सापडत नाही.

पोथी आणि दाखला

निवेदकाचा आवाज राखणं ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. श्रावणात घरोघरी पोथी लावतात. ‘नवनाथ भक्तिसार’ वाचणारा मच्छिंद्रनाथांना एक आवाज आणि गोरक्षनाथांना दुसरा देत नाही. ओवीची एक चाल असते, ती शेवटपर्यंत चालते. तरी ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

आपल्या कॉलेजात प्रार्थनेच्या वेळी बायबलमधला उतारा वाचला जातो, तोही असाच. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला आठवा. वाचणारा बापाचा वेगळा, धाकट्याचा वेगळा असा आवाज काढत नाही. याचा फायदा थोरल्या मुलापाशी दिसतो. इतकी वर्षं राबलो आणि मला काही मिळालं नाही, ही त्याची तक्रार साध्या आवाजात वाचली की ऐकणाऱ्याला ती रास्त वाटू शकते. मग बापाचं उत्तर ऐकताना आपण खरोखर विचारात पडतो. तीच तक्रार कुढ्या, मत्सरी आवाजात काढली, तर थोरला आधीच दोषी ठरतो आणि दाखल्यातला प्रश्न तिथेच मिटतो.

याचा अर्थ अभिनेत्याने पोथीसारखं सुरात किंवा सपाट वाचावं असा नाही. सपाट वाचन हाही एक निर्णयच असतो, आणि दहा मिनिटांत झोप आणतो. पण अभिनेत्याचं कसब कुठे वापरायचं, हे या दोन जुन्या वाचनांवरून कळतं. आवाज बदलण्यापेक्षा आवाज राखणं जास्त कठीण.

आणखी एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंध व्यक्तींसाठी ध्वनिमुद्रित पुस्तकं सुरू झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक हे त्यामागचं मोठं कारण. अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही कादंबरी होती. ज्यांनी ती वाचलीये त्यांना ठाऊक आहे की तिथे निवेदक आपल्याला सगळं सांगत नाही. ज्यांनी वाचलेली नाही त्यांची मजा मी घालवत नाही. पण विचार करा, ती मोठ्याने वाचणाऱ्याचं काम काय असेल. त्याला शेवट माहीत आहे. आवाजात जरा जरी खूण उमटली, तरी पुस्तक गेलं. आणि ऐकणाऱ्याच्या हातात उलटून बघायला पान नाही.

गोडादऱ्यात ऐकताना

ही शेवटची गोष्ट मला थेट घरी घेऊन जाते. गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या सुरतेच्या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. कुणी लूमवर, कुणी डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, कुणी साडीच्या मार्केटात. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी. सुरत महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमही आहे, पण पुष्कळ मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. हिंदीच्या तासामुळे देवनागरी अक्षरं ओळखीची असतात. तरी मराठी कथेचं अख्खं पान वाचायचं म्हटलं की वेग इतका कमी होतो की गोष्टीची गोडी निघून जाते.

दुसरीकडे कान मोकळे आहेत. आमच्या भागात कितीतरी बायका घरबसल्या साड्यांचं काम करतात. लेस लावायची, खडे चिकटवायचे, सुटे धागे कापायचे. हात आणि डोळे गुंतलेले, कान रिकामे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अशा काही दुपारी मी मोबाइल स्पीकरवर ठेवून मराठी कथा लावल्या. ऐकणाऱ्या पाच-सहाजणी, सगळ्या शेजारच्या. याला शास्त्रशुद्ध पाहणी म्हणता येणार नाही, पण तीन गोष्टी इतक्या ठळक दिसल्या की त्या नोंदवते.

पहिली. कथेच्या सुरुवातीला चार-पाच नावं भराभर आली की गोंधळ उडतो. ‘हा कोण?’ असं एकीने दुसरीला विचारेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जातात. वाचक मागचं पान उलटतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही, आणि हातात सुई असताना मोबाइल मागे सरकवायला कुणी उठत नाही.

दुसरी. एका कथेत अभिनेत्री निवेदन वाचता वाचता स्वतःच हुंदके देऊ लागली. सगळ्यांचे हात थांबले, मोबाइलकडे बघितलं, आणि एक काकू म्हणाल्या, ‘हाई ते नाटक व्हयनं.’ म्हणजे, हे तर नाटक झालं. त्यांनी समीक्षेचं पुस्तक उघडलेलं नाही, पण निवेदक आपली जागा सोडून पात्राच्या जागी जाऊन बसला, हे त्यांना नेमकं कळलं.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एका कथेतला शेतकरी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात असतो तसा ‘गावठी’ बोलत होता. कुठल्याच जिल्ह्याची नाही अशी बोली. लेखकाने लिहिलेल्या साध्या शब्दांनाही वाचणाऱ्याने हेल जोडलेला. बायका हसल्या, आणि मग एकजण म्हणाली, ‘आपलाकडे असं कोनी बोलत नही.’ शेतकऱ्याच्या त्या प्रसंगात हसण्यासारखं काहीच नव्हतं. त्याची जमीन जात होती.

इथे खरं काय पणाला लागलंय ते बघा. पुण्या-मुंबईतल्या वाचकाला एखादं अभिवाचन पटलं नाही तर तो पुस्तक उघडून स्वतःचा निवेदक शोधू शकतो. गोडादऱ्यातल्या त्या काकूंना ती वाट नाही. अभिनेत्याने जे वाचलं तेच त्यांचं पुस्तक. त्यात गावाकडचा माणूस दरवेळी एकाच थट्टेच्या सुरात बोलणार असेल, तर मराठी साहित्यात आपल्यासारखी माणसं हसण्यापुरती असतात, असा समज होऊन बसणार. आणि तो समज दुरुस्त करायला लेखक तिथे येणार नाही.

खानदेशाच्या बाबतीत हे जास्त खुपतं, कारण तिथे कान आणि अक्षर यांचं नातं जुनं आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्यांनी जे रचलं ते घरच्यांनी ऐकून उतरवून ठेवलं, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने ते पुस्तकरूपाने आलं. तेव्हा बोलीतली वाणी कानातून कागदावर गेली. आज कागदावरची कथा कानाकडे परत येतेय. येताना बोलीचा मान राखला गेला पाहिजे, एवढं मागणं जास्त नाही.

मग अभिनेत्याने करावं काय? बोली ही शब्दांत असते, क्रियापदाच्या रूपांत असते आणि हेलात असते. शब्द आणि रूपं लेखकाने लिहून ठेवलेली आहेत. त्यात पदरचं घालू नये. उरला हेल. तो येत असेल तर उत्तम. येत नसेल तर त्या भागातल्या माणसाकडून दोन वेळा वाचून घ्यावं आणि ऐकावं. तेही जमलं नाही, तर शब्द जसे आहेत तसे साध्या सुरात वाचावेत. साधं वाचलेलं बोलीतलं वाक्य परकं वाटेल, पण थट्टेचं वाटणार नाही. आपल्या मंडळात कोकणातली, विदर्भातली, मराठवाड्यातली मुलं-मुली आहेत. विचारायला लांब जायला नको.

ऐकण्याचा अभ्यास कसा करावा

ज्यांना अभिवाचन करायचंय किंवा नुसतं नीट ऐकायचंय, त्यांच्यासाठी मी स्वतः वापरते ती पद्धत देते.

एक. पहिल्यांदा कथा पुस्तकाशिवाय ऐका, मूळ वेगाने. दीडपट वेगाने बातम्या ऐकाव्यात. कथेत विरामही दीडपट आखूड होतात, आणि वर आपण पाहिलंच की अर्धा क्षण किती काम करतो.

दोन. दुसऱ्यांदा छापील कथा आणि पेन्सिल घेऊन बसा. तीन प्रकारच्या खुणा करा: वाचणारा कुठे थांबला, कोणत्या शब्दावर जोर दिला, आणि कोणता शब्द गाळला किंवा बदलला. गाळलेल्यांत ‘म्हणाला’, ‘मात्र’, ‘तरी’, ‘च’ असे छोटे शब्द सापडतात का बघा. निवेदक पुष्कळदा याच शब्दांत दडलेला असतो.

तीन. एक परिच्छेद स्वतः मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मग अभिनेत्याचा तोच परिच्छेद ऐका. कोण चांगलं वाचतं हे ठरवायचं नाही. दोघांचे निवेदक कुठे वेगळे झाले, ते शोधायचं.

चार. शेवटी एकच प्रश्न विचारा: निवेदक कुठे उभा आहे? घटनेच्या आत, उंबऱ्यावर, की वीस वर्षांनंतर मागे वळून बघतोय? वाचणाऱ्याच्या आवाजावरून याचं उत्तर मिळालं, तर वाचन जमलं.

अभिवाचनासाठी कथा निवडतानाही कान वापरा. २००० शब्दांची कथा मला मोठ्याने वाचायला साधारण १७ मिनिटं लागतात. बीबीसी रेडिओवर लघुकथेला सुमारे १५ मिनिटं देतात, तेव्हा एका बैठकीला हे माप बरं. पहिल्या पानावर नावं कमी असावीत. काळाच्या उड्या असतील तर त्या ऐकून कळतात का, हे एखाद्या न वाचलेल्या माणसासमोर तपासून घ्यावं. सुरुवात करणाऱ्यांनी प्रथमपुरुषी कथा घ्यावी, कारण तिथे निवेदक आणि पात्र एकच असल्याने आवाज सांभाळणं सोपं जातं.

आणि हक्कांचं विसरू नका. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाचे हक्क वारसांकडे असतात. माडगूळकर किंवा जी. ए. यांच्या कथा रेकॉर्ड करून सगळीकडे पाठवायच्या तर परवानगी घ्यावी लागेल. पण जुन्यांचा खजिना मोकळा आहे. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळावरची कथा घ्या, किंवा दिवाकरांच्या (१८८९–१९३१) नाट्यछटा. आपट्यांची भाषा आज जुनी वाटते. ती जुनी न भासवता, पण बदलताही न वाचणं हा कोणत्याही नटासाठी चांगला कस आहे. नाट्यछटेत तर एकच माणूस बोलतो आणि समोरच्याचं बोलणं आपण त्याच्या उत्तरांवरून ओळखतो. विराम शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही.

शेवटी मंडळाला एक सूचना. यंदा स्पर्धेसाठी एक कथा बसवण्याबरोबरच हक्कमुक्त अशा तीन कथा आपण नीट वाचून रेकॉर्ड कराव्यात. निवेदन न कापता, पार्श्वसंगीत न लावता, आणि सुरुवातीला दोन वाक्यांत कोण कुणाचं कोण ते सांगून. त्या व्हॉट्सॲपवरून आपापल्या घरी, गावी, शेजारी पाठवाव्यात. गोडादऱ्यात त्या ऐकवायची जबाबदारी माझी. काय चुकलं ते तिथल्या बायका अहिराणीत स्पष्ट सांगतील, आणि ते मी पुढच्या अंकासाठी लिहून आणीन.